आई म्हणते घरी कुणाला सांगू नका, आजी रोज गेटवर विचारते, बालवाडीताईने करायचं काय?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला घराच्या खालच्या मजल्यावर त्यांची बालवाडी आहे, १८ मुलं, मदतीला एक मावशी. त्यातला एक मुलगा साडेतीन वर्षांचा, सुटे तीन-चार शब्द सोडले तर बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, आणि गेल्या महिन्यात दोन मुलांना चावला. ताईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं तर ती रडायलाच लागली, म्हणाली ह्यांना आणि सासूबाईंना काही बोलू नका, मी बघते काय ते. इकडे रोज न्यायला आजी येते आणि गेटवर विचारते, "आमचं बाळ शाळेत बोलतं का हो?" पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन जणी विचारतायत की चावणारं पोरगं कोण आणि त्याला ठेवलंय कशाला. ताई म्हणतात मी नक्की कुणाशी प्रामाणिक राहू, आणि बोलले तर अ‍ॅडमिशन जाईल ही भीती आहेच.

मी आधी स्वतः बालवाडी चालवली आणि नंतर बरीच वर्षं सेविकांच्या आणि बालवाडीताईंच्या ट्रेनिंगमध्ये आहे, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा माझ्याकडे येतो. उत्तर लांब होणारे, चहा घेऊन बसा.

आधी क्रम ठरवून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जातं. अमेरिकेत लहान मुलांच्या शिक्षकांची नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रेन म्हणून मोठी संघटना आहे, एनएईवायसी म्हणतात तिला, त्यांनी १९८९ मध्ये एक आचारसंहिता स्वीकारली. त्यात मुलाला इजा होईल असं काही करायचं नाही हे तत्त्व बाकी सगळ्या तत्त्वांच्या वर ठेवलंय आणि ते वर आहे असं स्पष्ट लिहून ठेवलंय. पालक, सहकारी, संस्था सगळं त्याच्यानंतर. तुमच्यासारख्या केससाठी त्यात आणखी एक फार कामाचं कलम आहे, की घरातली माणसं एकमेकांच्या विरोधात असतील तर आपण मुलाबद्दल काय पाहिलं ते मोकळेपणाने सगळ्यांसमोर ठेवायचं आणि कुणा एकाची वकिली करायची नाही. आपली घरं तिकडच्यासारखी नाहीत हे मला माहितीय, आपल्याकडे त्या "सगळ्यांमध्ये" आजी, काका, आत्या, झालंच तर शेजारच्या काकूपण येतात. तरी क्रम तोच राहतो. मूल पहिलं, मग आई-वडील, मग बाकीचे. आईचा शब्द पाळणं मोलाचं आहेच, पण ते ह्या क्रमात दुसऱ्या नंबरवर आहे एवढं पक्कं धरा.

आणि घराला बरोबर घेणं हे काही तिकडून आलेलं खूळ नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ह्या बायकांनी शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. म्हणजे मूल कुठे झोपतं, काय खातं, त्याला कोण सांभाळतं, आई कामाला कधी जाते हे सगळं बघत बघतच शिकवणं. आता आपण फ्लेक्सवर "पालक सहभाग" लिहितो आणि प्रत्यक्षात पालकाला गेटच्या आत येऊ देत नाही, हे मला कायम खटकतं.

आता तुमच्या मुलाकडे येऊ.

आईशी पुन्हा बोलायच्या आधी तुमच्या हातात काय आहे ते बघा. "तो बोलत नाही, लक्ष देत नाही, थोडा वेगळाच आहे" एवढंच असेल तर ते तुमचं मत झालं, आणि मतावर घरात फक्त भांडण होतं. दोन आठवडे रोज वहीत दोन-तीन ओळी लिहा. तारीख, वेळ, काय चाललं होतं, त्याने काय केलं. उदाहरणार्थ, सकाळी गोलात बसलो असताना मागून तीनदा नावाने हाक मारली, वळला नाही, पण रस्त्यावर घंटागाडीचं गाणं लागलं तेव्हा धावत खिडकीपाशी गेला. पाणी हवं होतं तर माझा हात धरून माठापर्यंत नेलं, बोट दाखवलं नाही. ठोकळे रंगाप्रमाणे लावत बराच वेळ बसला, शेजारच्या मुलीने एक उचलला तर ओरडला. असं. ह्यात चांगलंही लिहायचं बरं का, त्याला काय आवडतं, कुणाजवळ जाऊन बसतो, काय जमतं. नुसती तक्रारींची यादी आईच्या हातात दिली तर ती पुढचं ऐकणारच नाही, मी असते तर मीपण नसतं ऐकलं.

घंटागाडी ऐकू येते म्हणजे कान चांगले आहेत असं मात्र समजू नका. हे खूप ठिकाणी होतं, कुकरच्या शिट्टीला दचकतो म्हणून घरचे निर्धास्त असतात. काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत, किंवा सर्दीने कानात पाणी साठून ऐकणं कमी झालेलं असतं, असंही असतं. म्हणून बोलण्यात उशीर दिसला की पहिली तपासणी कानांची. आणि ह्याचा एक फायदा म्हणजे "एकदा कान तपासून घेऊया" हे वाक्य कुठल्याही घरात कमी टोचतं. खोटं नाही, टाळाटाळ पण नाही, खरोखर तीच पहिली पायरी आहे.

वयाचे साधारण टप्पे तुम्हाला माहीत असतील तरी सांगते, कारण "ह्याचे बाबापण उशिरा बोलले" हे वाक्य येणारच आहे. नावाला वळून बघणं वर्षाच्या आसपास येतं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं, तीनपर्यंत छोटी तीन शब्दांची वाक्यं. थोडं मागेपुढे चालतं. पण साडेतीनला सुटे तीन-चार शब्द आणि हाकेला प्रतिसाद नाही, हे थांबून वाट बघण्यासारखं नाही. आधी येत असलेले शब्द गेले असतील तर मग अजिबातच नाही, हे आईला मुद्दाम विचारा. आणि आजीला खोडून काढू नका, "असेलही तसं, पण तपासून घेतलं तर नुकसान काहीच नाही" एवढं बास.

कुठे जायचं ते हातात देऊन पाठवा. "डॉक्टरांना दाखवा" म्हणजे आई जवळच्या क्लिनिकमध्ये जाते, तिथे गर्दीत दोन मिनिटांत "बोलेल हो" ऐकून परत येते आणि सहा महिने गेले. मुलाचं नाव अंगणवाडीत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, आणि विकासातला उशीर त्यात बघितला जातो. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, डीईआयसी म्हणतात, सिव्हिल हॉस्पिटलला विचारलं की सांगतात. मुंबईला बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाणी आणि श्रवणासाठीची केंद्र सरकारची. प्रायव्हेटमध्ये जायचं तर विकासाच्या अडचणी बघणारे बालरोगतज्ज्ञ, नुसते सर्दी-तापवाले नाहीत. आणि ताई, एखाद्या थेरपी सेंटरशी तुमची ओळख असेल तर एकच नाव देऊ नका, दोन-तीन द्या. कमिशन घेऊन मुलं पाठवणारे लोक ह्या क्षेत्रात आलेत, आणि आपण तसे नसलो तरी तसं दिसायलासुद्धा नको.

तुम्ही स्वतः "ऑटिझम" हा शब्द काढू नका. रील्स बघून आता सगळेच निदान करायला लागलेत. पण आईनेच विचारलं, "ताई, ऑटिझम आहे का हो?", तर "छे छे, तसं काही नसेल" असंही म्हणू नका, बहुतेक जणी इथेच घसरतात, समोरची रडते म्हणून तिला बरं वाटेल असं बोलून जातात. म्हणायचं, ते सांगायचं माझं शिक्षण नाही, पण तपासणी करायलाच हवी इतकं मला नक्की वाटतंय.

आणि कारणं सांगायला जाऊ नका. मोबाइलमुळे झालं, तुम्ही नोकरी करता म्हणून झालं, घरात मराठी-हिंदी-इंग्लिश सगळं बोलता म्हणून झालं. तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाच्या वर स्क्रीन नको हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, ते वेगळं आणि जरूर सांगा, पण "तुझ्या मोबाइलने झालं" हे वाक्य घरी गेलं की त्या आईचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन भाषांमुळे तर बोलणं अडतच नाही. कितीतरी ठिकाणी घरच्यांना सल्ला दिला जातो की घरात फक्त इंग्लिश बोला, मग अहिराणी बोलणारी आजी नातवाशी बोलायचीच बंद होते आणि त्या मुलाला दिवसभरात ऐकायला मिळणारी सगळ्यात गोड भाषा जाते. असा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आता मुख्य अडचण, "घरी सांगू नका".

ही आई असं का म्हणते हे तिला विचारा, मनात ठरवून टाकू नका. नुसतं इतकंच, "सांगितलं तर काय होईल असं वाटतंय तुम्हाला?" आणि मग गप्प बसा, तिला बोलू द्या. बहुतेक वेळा उत्तर असतं की दोष माझ्यावर येणार. सासूबाई म्हणणार आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. नवरा म्हणणार टीचरला काय कळतं. कधी कधी दुसरं बाळ पोटात असतं आणि ती त्याच काळजीत असते. आणि क्वचित, पण असतं, की सांगितलं तर मारहाण होईल. तसं काही कळलं तर सगळी गोष्टच वेगळी होते, तिथे नवऱ्याला सांगायची घाई करायची नाही, आधी तिला १८१ ही महिला हेल्पलाइन आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी ह्यांची माहिती द्यायची आणि तपासणी तिच्या सोयीने, तिच्या माहेरच्या कुणाला घेऊन करायची.

पण कारण नुसतं बोलणी खाण्याची भीती असेल तर तिला एक गोष्ट पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगायला हवी. की मी स्वतःहून गेटवर कुणाला काही बोलणार नाही, पण बाबांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे ऐकायला कडक वाटतं पण नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. आई-वडील एकत्र राहतात, दोघांचाही मुलावर अधिकार आहे, त्यातल्या एकाशी गुपित करून दुसऱ्याला अंधारात ठेवायचा तुम्हाला काही हक्क नाही. गीता हरिहरन केसमध्ये १९९९ साली सुप्रीम कोर्टाने आईलासुद्धा पालक म्हणून नीट जागा दिली, वडिलांना तर कायद्यात ती आधीपासून होतीच. म्हणजे उद्या बाबा येऊन म्हणाले की तुम्हाला माहीत होतं आणि मला का नाही सांगितलं, तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे.

तिला मदत काय करता येईल ते मग सांगा. मी म्हणते, तुम्ही दोघं शनिवारी या, मी दोघांना एकत्रच सांगते, जणू पहिल्यांदाच बोलतेय... नाही, असं करू नका, खरं म्हणजे हे मी पूर्वी काही ताईंना करताना बघितलंय आणि ते नाटक नवऱ्याला लगेच कळतं. सरळ म्हणा की आईशी माझं प्राथमिक बोलणं झालंय, मला वाटलं दोघांसमोर नीट वही ठेवून बोलावं. ह्याने आईवरचा "तू लपवलंस" हा आरोपही जातो, कारण भेट तुम्ही ठरवलीत. मुदत ठेवा, पंधरा दिवस वगैरे. मुदत नसेल तर दिवाळी होईल, मग लग्नसराई, मग मे महिना, आणि मूल चार वर्षांचं होईल. लहान वयात जितकं लवकर काम सुरू होतं तितकं मुलाला सोपं जातं, म्हणून हे महिने स्वस्त नाहीत.

भेट गेटवर नको. मुलं गेल्यावर वीस मिनिटं, मावशींना दुसऱ्या खोलीत काम देऊन, मूल समोर नसताना. तो बोलत नाही म्हणजे त्याला समजत नाही असं नाही, त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलणं आपल्याकडे सर्रास चालतं. आधी त्यांना विचारा घरी कसा असतो, काय खेळतो, झोप कशी आहे. अनेकदा बाबाच म्हणतात, "मलापण वाटत होतं हो, पण बोलायची हिंमत नव्हती." मग तुमची वही. मग पुढे कुठे जायचं. वीस मिनिटांत संपवा आणि पुढची तारीख ठरवा, एकाच बैठकीत सगळं पटवायचा हट्ट नको, माणसांना घरी जाऊन रडायला आणि भांडायला वेळ लागतो.

आजीचं काय? आजी कायद्याने पालक नाही, पण दिवसातले आठ तास तीच सांभाळते. तिला बाहेर ठेवून तुम्ही काहीही करा, घरी ते चालणार नाही. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. रोजचं सगळं आजीला भरभरून सांगायचं, आज डबा संपवला, वाळूत खेळला, गाण्याला टाळ्या वाजवल्या. काळजीचं बोलणं आई-बाबांच्या परवानगीशिवाय नाही. ती विचारते "बोलतो का?" तर "अजून शब्द कमी आहेत आजी, मी त्याच्याकडे विशेष लक्ष देतेय आणि आई-बाबांशी बोलणारे, तुम्हीपण या त्यांच्याबरोबर". "हो हो, बोलतो की" असं मात्र म्हणायचं नाही, त्या एका वाक्याने पुढचे सहा महिने घरात "शाळेत तर बोलतो म्हणे" हेच चालतं आणि आई एकटी पडते. आणि एकदा घर तयार झालं की आजीसारखी जोडीदार नाही. भाजी निवडताना एकेक वस्तू हातात देत नाव घेणं, तीच तीच बडबडगीतं शंभरदा म्हणणं, हे थेरपिस्टने घरी करायला सांगितलेलं काम ती कंटाळा न करता करते.

एक जागा सगळ्या ताई विसरतात, ती म्हणजे मावशी आणि व्हॅनवाले काका. तुम्ही तोंड कितीही बंद ठेवा, मावशी त्याच सोसायटीत आणखी दोन घरी पोळ्या करतात, आणि "तो मुका पोरगा" हा शब्द संध्याकाळपर्यंत खाली बाकावर पोचलेला असतो. त्यांना दोष देत नाही मी, त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसा, कुठल्या मुलाबद्दल बाहेर काय बोलायचं नाही आणि का, हे उदाहरणं देऊन सांगा, आणि पालकाने विचारलं तर "ताईंना विचारा" हे एकच उत्तर द्यायला शिकवा. त्यांनी पाहिलेलं मात्र वहीत लिहून घ्या, मुलाला बाथरूमला नेणारी तीच असते, तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

चावण्याचं आता. दीड ते तीन वर्षांत चावणं खूप कॉमन आहे, आणि ज्याला शब्द नाहीत तो नंतरही चावतो, कारण "माझं आहे, दे" हे सांगायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. ज्याला चावलं त्याची जखम साबण-पाण्याने धुवायची, थंड फडकं ठेवायचं, कातडी फाटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि फोन तुम्ही करायचा, मूल घरी पोचायच्या आधी. आंघोळ घालताना आईला दाताचे व्रण दिसले की विश्वास गेला, मग तुम्ही काहीही सांगा. फोनवर काय झालं, कधी, आम्ही काय केलं आणि उद्यापासून काय बदलतोय हे सांगा. खेळणी कमी होती तर दोन सारखी आणा, गर्दीच्या वेळी मावशी त्याच्याजवळ बसतील, "दे" ची खूण शिकवतोय. नाव नाही सांगायचं. "कोण चावलं?" विचारतील, म्हणायचं की उद्या तुमच्या मुलाचं काही झालं तर त्याचंही नाव मी कुणाला सांगणार नाही. हे बहुतेकांना पटतं. नाव कळणारच आहे म्हणा, चार वर्षांची मुलगी घरी जाऊन सगळं साग्रसंगीत सांगते, पण ते तुमच्या तोंडून गेलेलं नसलं पाहिजे.

चावणाऱ्याच्या घरीही त्याच दिवशी सांगा, पण शिक्षा करा म्हणून नाही. संध्याकाळी घरी फटके मिळाले तर सकाळी का चावलो हे त्याला आठवतही नाही.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. एकच मेसेज टाका की कुठल्याही मुलाबद्दल ग्रुपवर बोलणं होणार नाही, ज्यांना काळजी आहे त्यांनी दुपारी एक नंतर फोन करा, आणि सेटिंग फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून टाका. ग्रुप सुट्टीच्या नोटिशीसाठी ठेवा. "त्याला काढा" म्हणणाऱ्या दोघींना समोर बोलवून सांगा की तुमच्या मुलाची सुरक्षितता माझी जबाबदारी, त्यासाठी काय करते ते बघायला एक दिवस येऊन बसा, पण कोण राहील आणि कोण जाईल हे पालकांच्या मतदानाने ठरत नाही. १८ मुलांना तुम्ही आणि मावशी, हे प्रमाण तसं ठीक आहे, राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं आहे. पण चावाचावी चालू असताना तासभर तरी तिसरा हात मिळाला तर बघा, एखादी आजी, एखादी ट्रेनिंगला आलेली मुलगी.

पालक भागीदार म्हणजे पालक सांगतील ते सगळं असं नाही, ह्याचं एक उदाहरण देतेच. "ताई, दोन फटके द्या बिनधास्त, आमची परवानगी आहे." ही परवानगी त्यांना देताच येत नाही आणि तुम्हाला घेताच येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेल्या क्रूरतेला कलम ७५ आहे, त्यात शिक्षा तुरुंगाची आहे, आणि "बाबांनीच सांगितलं होतं" हा काही बचाव होत नाही. असंच दुपारी झोपवायचं औषध डब्यातून पाठवणं, उपाशी ठेवा म्हणजे खाईल म्हणणं.

आणि गुपिताची एक हद्द अशी आहे की तिथे विचार करायचाच नाही. मुलाच्या अंगावर, वागण्यात, बोलण्यात लैंगिक अत्याचाराची शंका आली, मग ती घरच्या माणसाबद्दल असो, व्हॅनबद्दल असो, तुमच्याच बालवाडीतल्या कुणाबद्दल असो, तर पोक्सो कायदा २०१२, कलम १९, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शंका पुरेशी आहे, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, मुलाला खोदून खोदून विचारणं तर नाहीच. न कळवणं हा गुन्हा आहे, साध्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाचालकाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पुढचं मार्गदर्शन मिळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला ते सगळ्यांना आठवत असेल, तिथे लोकांचा संताप जितका गुन्ह्यावर होता तितकाच दखल घ्यायला झालेल्या उशिरावर होता. "आधी ट्रस्टींशी बोलते", "आधी घरच्यांचं ऐकून घेते" हे इथे चालत नाही. अ‍ॅडमिशनच्या दिवशीच पालकांना हे सांगून ठेवा, फॉर्मवर लिहून ठेवा, म्हणजे नंतर कुणी म्हणणार नाही की तुम्ही दगा दिला.

बाकी छोट्या गोष्टी पटकन. दिवाळीला पालकांकडून मिठाईचा बॉक्स सगळ्यांचा मिळून एक घ्या, सगळ्यांनी मिळून खा, साडी-पाकीट नाही. फोटोंची परवानगी अ‍ॅडमिशन फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात घेऊ नका, वेगळी घ्या, घरच्यांना पाठवायला वेगळी आणि इन्स्टाग्रामला वेगळी. रडणाऱ्या, चड्डी ओली झालेल्या, चिडलेल्या मुलाचा व्हिडिओ कितीही गोड वाटला तरी नाही, पालकांनी हो म्हटलं तरी नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते हे आहेच, पण त्याच्याशिवायही नाही.

एक मात्र जरा सांगते, कारण त्याला कुणी नीतीचा प्रश्नच समजत नाही. मुलांच्या वह्या. पालकांना नर्सरीत ए बी सी डी लिहिलेली वही हवी असते, मग आपण हात धरून गिरवून घेतो, कधी कधी तर मावशीच भरतात, आणि खाली स्टार देतो. २०२२ चा पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्याबद्दल इतकं लिहितो, आणि आपण पालकाला खोटी वही दाखवून फी घेतो. ह्याचा तुमच्या केसशी संबंध आहे. ज्या बाईने वर्षभर "छान प्रगती" लिहून दिलं, तिने एके दिवशी "कान तपासून घ्या" म्हटलं तर बाबा विचारणारच की मग जूनपासून काय बघत होतात? वर्षभर खरं सांगायची सवय असेल तर कठीण गोष्टही त्याच सुरात सांगता येते. महिन्याला प्रत्येक पालकाला एक खरी ओळ लिहून द्या, "कात्री धरायला लागली, अजून कापता येत नाही" अशी. पालक भांडत नाहीत हो, उलट ती ओळ फ्रिजवर लावतात.

राहिली भीती, मूल काढतील ही. काढतीलही. आई-बाबा चिडून "इथे आमच्या मुलाला नावं ठेवतात" म्हणून दुसरीकडे नेतात, हे मी पाहिलंय, आणि त्यातले काही वर्षाने येऊन "तुम्ही बरोबर होतात" म्हणतात तर काही कधीच येत नाहीत. त्या भीतीने गप्प बसलात तर फी राहील, बाकी काय राहील ते तुम्हीच बघा. गेलेच तर तुमच्या वहीतली त्या मुलाची पानं स्वच्छ लिहून एक प्रत बाबांच्या आणि एक आईच्या हातात द्या, फी बाकी आहे म्हणून अडवू नका. पुढच्या बालवाडीला स्वतःहून फोन करून काही सांगू नका, "तिथल्या ताईंना ही पानं दाखवा" असं पालकांना सांगा, दाखवायची की नाही ते त्यांचं. आणि तपासणीचा पत्ता आणि फोन नंबर त्याच कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा, चिडलेली माणसं कागद फेकत नाहीत, कपाटात ठेवतात.